काल रात्री घरात

भिंत खरवडायची नाही, हा या घराचा कायदा होता. तो मोडायची परवानगी दादाने रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता दिली. "घरच चाललंय, तर भिंतीचं काय घेऊन बसायचं," एवढंच म्हणाला आणि गुडघा दाबत जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला.

त्याची बहीण, भिंगआत्या, जिन्याच्या वळणावर उभी होती. तिला आनंद झाला आणि धास्तीही वाटली, दोन्ही एकदमच. आनंद अशासाठी, की या भिंतीच्या पोटात काय आहे ते वाचायला ती लहानपणापासून टपून बसली होती. धास्ती अशासाठी, की घर विकलं जातंय हे तळमजल्यावरच्या किल्लीवाल्या बाईंना अजून कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते काम सगळ्यांनी मिळून तिच्या गळ्यात घातलं होतं. "तुझं आणि त्यांचं जमतं ना," असं म्हणून धाकट्या भावाने हात झटकले होते. मंगळवारी घेणारा माणूस घर बघायला येणार होता, आणि त्याला महिनाअखेर घर रिकामं हवं होतं. रिकामं म्हणजे बाईंचं दुकान आणि दुकानामागची खोलीसुद्धा.

कागदावर तिघा भावंडांच्या सह्या लागत होत्या. दादाची झाली, धाकट्याची झाली, आणि गेल्या बुधवारी, दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढून दमून आल्यावर, तिनेही करून टाकली होती. त्या दिवसापासून बाईंच्या दुकानासमोरून जाताना ती पर्समध्ये काहीतरी शोधत शोधत जायची.

आता भिंतीचं. कुठलाही रंगारी आधी जुना थर खरवडतो, मग भेगा-खड्डे बुजवायला लांबी भरतो, मग रंगाचा पहिला हात मारतो. या घरातले रंगारीही लोकांच्या भिंती अशाच करत आले. स्वतःच्या जिन्याची भिंत मात्र त्यांनी कधी खरवडली नाही. जो कुणी ती रंगवायला घेईल त्याने आधी लांबीच्या कोऱ्या थरावर पेन्सिलीने यादी लिहायची, काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं त्यांची. मग त्यावर रंग. पुढच्याने त्या रंगावर पुन्हा लांबी, पुन्हा यादी, पुन्हा रंग. खालची यादी जाऊ नये म्हणून खरवडणं बंद. परिणाम असा, की भिंत अंगठाभर जाड होऊन पुढे आली होती आणि बोळात उघडणारं मागच्या खोलीचं दार तिला अडून पाऊणच उघडायचं. कुणाही कारागिराला शरम वाटावी असं काम होतं, आणि ते चार पिढ्या अभिमानाने चाललं होतं.

यंदा मात्र भिंतीत ओल शिरली. जागोजाग फुगे आले. दादाची लेक, जिने बापाचा धंदा आणि बापाची रंगकामाची घोडी दोन्ही उचलली होती, तिने फुग्याला बोट लावलं तर हातभर पापुद्रा सुटून आला.

"हिच्यावर आता रंग धरत नाही, बाबा," ती म्हणाली होती. "खरवडावीच लागेल. पण एक सांगते, थर सुटताना तुकडे होणार. यादी दिसली की लगेच वाचून घ्यायची. पुन्हा दिसणार नाही."

म्हणून भिंगआत्या ती कामाला जायची त्या दुकानातलं मोठं भिंग आणि एक वही घेऊन आली होती. घरात तिला भिंग म्हणत ते काही या भिंगामुळे नाही. चार वर्षांची असताना ती दाराच्या फटीतून शेजाऱ्यांचं पत्र वाचायचा प्रयत्न करत होती, तेव्हा आजोबांनी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पुढे ती चष्म्याच्या दुकानात लागली तेव्हा सगळ्यांनाच वाटलं, योग्य ठिकाणी गेली.

लेकीने लांबीची पट्टी आडवी धरून पहिला थर उचलला. पिवळ्या रंगाची खपली खाली पडली आणि करड्या थरावर दादाचं अक्षर दिसलं.

"वाच," दादा पायरीवरून म्हणाला. "अठरा वर्षांपूर्वीची माझी आहे. ऊन कडक होतं त्या दिवशी."

"काल रात्री घरात," भिंगआत्याने वाचलं. "आई. मी. ही. पोरगी, दात हलतोय. भिंग."

"दात हलत होता माझा?" लेक हसली.

"गिळलास तो," वहिनी वरच्या मजल्याच्या कठड्यावरून म्हणाली. तिच्या हातात मटार सोलायचं भांडं होतं, पण सोलणं कधीच थांबलं होतं.

धाकटा दर्शनी दाराला टेकून उभा होता. तो लोकांच्या इमारतींत लिफ्ट बसवायचा आणि कमरेला मोजपट्टी लावूनच जन्माला आला असावा असा वावरायचा. तो जवळ आला, यादी पुन्हा एकदा वाचली आणि म्हणाला, "मी नाही यात."

"तू त्याच आठवड्यात नव्या जागेत गेलास," दादा म्हणाला. "नियम म्हणजे नियम. काल रात्री झोपला असशील तर नाव. मी काय करू?"

"मी कुठे काय म्हणतोय," धाकटा म्हणाला. पण तो जरा वेळ तिथेच उभा राहिला.

भिंगआत्याला दुसरंच काहीतरी खटकत होतं. "दादा, किल्लीवाल्या बाई कुठे आहेत?"

"कुठे म्हणजे? दुकानात. कानस ऐकू येत नाही का?"

"यादीत कुठे आहेत, म्हणते मी. अठरा वर्षांपूर्वी त्या मागच्या खोलीतच झोपत होत्या."

दादाने गुडघा चोळला. "भाडेकरूंना कुठे लिहीत बसायचं. घरचे लिहिले."

भिंतीपलीकडे कानशीचा खर्र खर्र आवाज चालू होता. बाई रविवारीही दुकान उघडं ठेवायच्या, कारण त्यांच्या मते माणसं किल्ल्या हरवतात त्या रविवारीच.

"त्यावरून आठवलं," धाकटा म्हणाला. "दर्शनी दाराच्या चार किल्ल्या करायला टाकल्यात मी बाईंकडे. गुरुवारी टाकल्यात, अजून दिल्या नाहीत. मंगळवारी त्या माणसाला द्यायच्या आहेत."

भिंगआत्याने भिंग खाली केलं. "काय टाकल्यास?"

"किल्ल्या. अगं, किल्लीवाली घरात असताना बाहेर कशाला जायचं?"

वहिनीने वरून कपाळावर हात मारून घेतला. "अहो भावोजी, ज्यांना घराबाहेर काढताय त्यांनाच नव्या मालकाच्या किल्ल्या करायला सांगितल्यात?"

धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. जन्मापासून किल्ली म्हटली की बाई, आणि बाई म्हटलं की किल्ली. त्यापुढे विचार करायची वेळ या घरातल्या कुणावर कधी आली नव्हती. "त्यांनी काही विचारलं नाही," तो पुटपुटला. "उद्या ये म्हणाल्या."

"एक किल्ली पाच मिनिटांत करतात त्या," भिंगआत्या म्हणाली.

"पुढचा थर काढू का?" लेकीने विचारलं. ती कामाची पोरगी होती. घोडी सरकवून उभी होती.

दुसरा थर हिरवा होता. त्याखाली वडिलांचं बारीक, उभं अक्षर. वडील कमी बोलत आणि यादीतही तेवढंच कमी लिहीत. भिंगआत्याने वाचलं, "काल रात्री घरात. आई. मी. ती. थोरला. भिंग. पोटातलं."

"पोटातलं म्हणजे मी," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज जरा बदलला होता.

"तू. मोजलं बघ तुला," वहिनी म्हणाली.

"पुढे आहे अजून. किल्लीवाला. त्याची मुलगी, खोकला आहे. काढा दिला."

दादाने नजर जमिनीकडे वळवली. किल्लीवाला म्हणजे बाईंचे वडील. ते गेल्याला किती वर्षं झाली, हे आठवायला त्याला बोटं मोजावी लागली असती. पण खोकला त्याला आठवत होता. लहान असताना रात्रभर खालून खोकल्याचा आवाज यायचा, आणि आई उठून जिना उतरायची.

"बाबांनी भाडेकरू लिहिले होते, दादा," भिंगआत्या म्हणाली.

"दिसतंय मला. चष्मा तूच दिलास ना."

तिसरा थर निळा निघाला आणि त्याखाली आजोबा. आजोबांना लिहायचा सोस होता. त्यांची यादी भिंतभर पसरली होती आणि तिच्यात चार माणसांनंतर वरच्या खोलीतली सुईण होती, आणि सुईणीनंतर, वेगळ्या ओळीत, "पोपट, सुईणीचा. रात्रभर बोलला. झोपला नाही, म्हणून मोजावा की नाही कळत नाही."

लेक घोडीवर बसून हसायला लागली. वहिनीलाही हसू आवरेना. ती भांडं कठड्यावर ठेवून सरळ खाली उतरली आणि भिंगआत्याच्या खांद्यावरून डोकावू लागली. "वन्सं, बघू. खरंच पोपट आहे?"

"आहे. आणि त्या सुईणीबद्दल आपल्याला कुणीच कधी काही सांगितलं नाही. वरची म्हणजे माझीच खोली की. मी तीस वर्षं तिथे राहतेय."

"तरीच तुझी बडबड थांबत नाही," दादा म्हणाला. पोपटाने त्याचाही ताण जरा सैल केला होता. त्याला पुन्हा त्याचा नेहमीचा सूर सापडला. "लिहून ठेव हे सगळं. मंगळवारी त्या माणसाला सांगता येईल, घराला इतिहास आहे म्हणून. पणजोबांनी स्वतः उभं केलेलं घर. चार पिढ्या रंगारी, आणि आमच्यात आजवर शिडीवरून कुणी पडलं नाही. विचार कुणालाही."

हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं. दादा गिऱ्हाइकांना रंगाच्या नमुन्यांच्या आधी हेच ऐकवायचा. लेकीने बापाच्या नकळत ओठ हलवून ते त्याच्याबरोबर म्हटलं.

भिंगआत्याला मात्र हसता येईना. एकेक थर सुटत होता, खाली पांढऱ्या-निळ्या तुकड्यांचा ढीग वाढत होता, आणि वहीत नावं जात होती. या घरात किती माणसं झोपून गेली. त्यांच्यातल्या कितींना तिने ओळखलं असतं? मग तिला वाटलं, पन्नास वर्षांनी कुणी वही उघडली तर बाईंचं नाव एकदाच सापडेल, तेही खोकल्यासकट. त्या रोज संध्याकाळी तिच्यासाठी दुकानाच्या फळीवर चहाचा एक कप झाकून ठेवतात, हे कुठेच सापडणार नाही.

"दादा," ती म्हणाली, "मी बाईंना नाही सांगणार."

"म्हणजे?"

"म्हणजे, मला जमणार नाही. तुमच्यापैकी कुणीतरी सांगा."

"ताई, आता काखा वर करू नकोस," धाकटा म्हणाला. "सही तूही केलीयस. आणि मी काय हौसेने विकतोय का? मी लोकांना तिसऱ्या मजल्यावर लिफ्टने पोचवतो आणि माझा भाऊ पायरीपायरीला बसत वर जातो. तू दुसऱ्या मजल्यावर. उद्या तुझेही गुडघे गेले म्हणजे? लिफ्टच्या इमारतीत शेजारीशेजारी दोन जागा बघितल्यात मी तुमच्यासाठी. उगाच नाही बघितल्या."

हे मात्र खरं होतं. तो बोलायला धांदरट होता, पण दादाच्या गुडघ्यांची काळजी त्याच्याइतकी दादालाही नव्हती. भिंगआत्याला एकदम त्याची माया आली.

"भावोजींचं बरोबर आहे," वहिनी म्हणाली. काल रात्रीपर्यंत ती याच बाजूला होती. मग तिने भिंतीकडे पाहिलं. "म्हणजे, गुडघ्यांचं बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. दादाने तिच्याकडे चमकून पाहिलं.

चौथा थर तांबूस चुन्याचा होता. तो ओला झाल्यामुळे सहज सुटला, आणि खाली आलं ते अक्षर कुणीच पाहिलेलं नव्हतं. मोठं, वाकडं, जेमतेम लिहिता येणाऱ्या माणसाचं.

"पणजोबा," दादा उठून उभा राहिला. गुडघा कुरकुरला तिकडे त्याने लक्ष दिलं नाही.

भिंगआत्याने भिंग भिंतीला लावलं. "काल रात्री घरात. बटणवाली बाई, खिडकीच्या खोलीत. तिची बहीण. मी. बायको. मुलगा."

"बटणवाली?" वहिनी म्हणाली. "कोण बटणवाली?"

"मला काय माहीत," दादा म्हणाला.

पण वहिनी तोवर वरच्या मजल्यावर धावली होती. ती परत आली ती एक बरणी घेऊन. बरणी अर्ध्याहून जास्त भरली होती, शिंपल्याच्या, हाडाच्या, लाकडाच्या, काळ्या पडलेल्या बटणांनी. लग्न होऊन आल्यापासून या घरात केर काढताना फळ्यांच्या फटींतून बटणं निघायची. सासूला विचारलं तर ती म्हणाली होती, पहिल्यापासून निघतात. त्यावर पुढे कुणी विचारलं नाही. वहिनीला फेकवलं नाही म्हणून तिने बरणी केली होती.

"इथे बटणं करायचे," भिंगआत्या म्हणाली. तिने एक शिंपल्याचं बटण उजेडात धरलं. दोनच भोकं होती आणि दुसरं जरा तिरकं पडलं होतं. फेकून दिलेलं, बिघडलेलं बटण. "या घरात बटणांचा कारखाना होता, वहिनी. आपण रोज त्याच्यावरून चालतोय."

"असेल. पणजोबांच्या घरात भाड्याने असतील त्या," दादा म्हणाला. त्याने घाईने म्हटलं.

"सगळ्यांत आधी तिचं नाव आहे," लेक घोडीवरून म्हणाली. "आणि खिडकीची खोली तिची. रस्त्यावरची, सगळ्यांत उजेडाची. बाबा, भाडेकरूला कुणी ती खोली देतं का?"

दादाने बरणीतली बटणं हलवून बघितली.

"आता खाली फक्त मूळ गिलावा," लेक म्हणाली. "दाराजवळचा तुकडा तेवढा राहिलाय." ती उतरली. मागच्या खोलीच्या दाराशी, बिजागरीच्या बाजूला, जिथे भिंत सगळ्यांत जाड झाली होती, तिथे तिने पट्टी घातली. सगळे थर एकदमच निसटले आणि बोळात धाडकन पडले. धूळ खाली बसली तेव्हा जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर, दाराजवळ कमरेएवढ्या उंचीवर, चार ओळी दिसल्या. पेन्सिल नव्हती. गिलावा ओला असताना टोकदार काहीतरी घेऊन कोरलं होतं, गोल, सराईत अक्षरात.

भिंगआत्या जमिनीवर बसली. तिला भिंगाची गरज पडली नाही, तरी तिने ते धरलं.

"काल रात्री घरात," तिने वाचलं. "मी आणि बहीण. बटणांच्या कामाच्या तिघी. खिडकीच्या खोलीत मास्तर. जिन्याखाली रंगारी, याच भिंतीवर काम करताना शिडीवरून पडला, पाय मोडला आहे." तिने थांबून श्वास घेतला. "बरा होईपर्यंत."

लेकच आधी म्हणाली, "म्हणजे यादी पणजोबांनी सुरू नाही केली. हिने केली."

"आणि घरही त्यांनी नाही बांधलं," वहिनी म्हणाली.

"आणि पडला," धाकटा म्हणाला. तो भावाची चेष्टा करत नव्हता. खरंच नवल वाटून बोलत होता. "दादा, आपल्यातला पहिलाच पडला."

दादा भिंतीपर्यंत आला, एका हाताने कठडा धरून वाकला, आणि 'रंगारी' या शब्दावरून त्याने बोट फिरवलं. "पडला म्हणून राहिला," तो म्हणाला. "नाहीतर दोन दिवसांत काम उरकून, पैसे घेऊन गेला असता दुसऱ्या गल्लीत." मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "जिन्याखाली. तिथे आपण झाडू ठेवतो."

पुढे काय झालं असेल, घर तिच्याकडून त्याच्याकडे कसं आलं, हे भिंत सांगत नव्हती. दोन्ही याद्यांच्या मध्ये एक थर रंग होता आणि त्या थरात काही लिहिलेलं नव्हतं. एवढंच कळत होतं, की घर आपलं झाल्यावरही रंगाऱ्याने तिचं नाव आपल्या आधी लिहिलं आणि मास्तर गेल्यावर खिडकीची खोली तिला दिली. भिंगआत्याने वहीत हे लिहिलं नाही. तिला ते लक्षात राहणार होतं.

"मी सही मागे घेते," ती म्हणाली.

धाकटा वळला. "ताई, भिंतीवर काहीतरी कोरलंय म्हणून?"

"भिंतीमुळे नाही. बुधवारीच घ्यायला हवी होती. भिंतीमुळे तोंड उघडलं एवढंच."

"आणि दादाचे गुडघे?"

"गुडघे माझे आहेत," दादा म्हणाला. "मला विचार ना." तो पुन्हा तिसऱ्या पायरीवर बसला. वहिनी त्याच्या शेजारी बसली. ते दोघं असे शेजारीशेजारी जिन्यात बसलेले भिंगआत्याने बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते.

धाकटा थोडा वेळ बोळात येरझाऱ्या घालत राहिला. मग कमरेची मोजपट्टी काढून त्याने जिन्याची रुंदी मोजली, कठड्यापासून भिंतीपर्यंत. मग पुन्हा मोजली. "अंगठाभर वाढलीय," तो घुश्शातच म्हणाला. "खरवडल्यामुळे. लिफ्ट बसायची नाहीच. पण कठड्याकडेने खुर्ची सरकेल. बसून वर जायची असते ती. मी दोन ठिकाणी बसवलीय." तो एवढं म्हणाला आणि लगेच, "मी अजून हो म्हटलेलं नाही," हेही म्हणाला.

"त्या माणसाला काय सांगणार?" वहिनीने विचारलं.

"सांगेन काहीतरी. भिंतीला ओल आहे म्हणून."

लेकीने कानामागची पेन्सिल काढली. जुन्या चार ओळींच्या शेजारी गिलाव्याची कोरडी, स्वच्छ जागा होती. तिने ती हाताने पुसली. "या खालच्या ओळींवर मी लांबी भरत नाही," ती म्हणाली. "ह्या उघड्या राहतील. आणि आपली यादी बाजूला. काल रात्री घरात. बाबा, आई, मी, आत्या. काकांनी काल इथेच सोफ्यावर ताणून दिली होती, म्हणजे काकाही." धाकट्याने खालमानेने खांदे उडवले, पण तो खूश झालेला दिसत होता. लेकीने बापाकडे पाहिलं. "अजून कुणाला लिहू?"

दादा उत्तर देणार तेवढ्यात कानशीचा आवाज थांबला आणि मागच्या खोलीच्या दाराची कडी निघाली. दार आतून ढकललं गेलं, नेहमीच्या जागी अडलं नाही, आणि थेट मागे जाऊन भिंतीला टक्कन लागलं. उंबऱ्यात किल्लीवाल्या बाई एक पाय पुढे टाकून उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्यांना या दारातून खांदा तिरका करून यायची सवय होती, आणि आत्ताही तो तिरकाच होता.

"हे काय झालं याला," त्या दाराकडे बघत म्हणाल्या. "पूर्ण उघडतंय."

"भिंत खरवडली, बाई," भिंगआत्या म्हणाली. ती जमिनीवरून उठली. हात चुन्याने पांढरे झाले होते. आता पर्समध्ये शोधायला काही नव्हतं. "बाई, आम्ही घर विकायला काढलं होतं. मी सहीसुद्धा केली होती. तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. आत्ता मागे घेतली मी सही. पण केली होती."

बाईंनी ॲप्रनच्या खिशातून एक तार काढली. तिच्यात चार नव्याकोऱ्या किल्ल्या ओवलेल्या होत्या. त्या त्यांनी धाकट्याच्या हातात ठेवल्या. "चार किल्ल्या कुणाला लागतात, एवढा हिशेब मला येतो," त्या म्हणाल्या. "घरात सगळ्यांकडे आहेत, मीच केल्यात. गुरुवारीच कळलं मला. शेवटची खाच घातलेली नाही. कुलपात जातील, फिरणार नाहीत. कुणी सांगायला येतंय का बघत होते." त्या भिंगआत्याकडे वळल्या. "भिंगे, तीन दिवस तुझा चहा गार होतोय."

भिंगआत्याला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

दादा कठड्याला धरून उठला. त्याने लेकीच्या हातातून पेन्सिल घेतली, दार जरासं पुढे ओढलं, वाकला, आणि धापा टाकत लिहिलं, 'किल्लीवाल्या बाई, मागची खोली'. अठरा वर्षांपूर्वी जे लिहायला हवं होतं ते त्याने आता लिहिलं, आणि त्याला ते माहीत होतं. "मागच्या वेळी राहून गेलं होतं, बाई," तो भिंतीकडे बघतच म्हणाला.

बाईंनी दाराआडून डोकावून जुन्या ओळी वाचल्या. त्यांना चष्मा लागत नव्हता, याचं भिंगआत्याला धंद्यापोटी नेहमी वाईट वाटायचं. त्यांनी सावकाश दोनदा वाचल्या.

"हा जिन्याखालचा, तुमचाच ना?" त्यांनी विचारलं.

"पणजोबा," दादा म्हणाला.

"त्याच्यापुढे लिहिलंय, बरा होईपर्यंत."

"हो."

"मग माझ्यापुढेही तेच लिही, थोरल्या," बाई म्हणाल्या. "माझाही गुडघा काही ठीक नाही."

दादाने लिहिलं.